रॅग्नारोक ऑनलाइनमधला आर्चर: नॉव्हिसपासून जॉब 50 पर्यंत

रॅग्नारोक ऑनलाइन या इंटरनेटवरच्या गेममध्ये आर्चर, म्हणजे धनुर्धाऱ्याचा क्लास (पात्राचा प्रकार), घेणारे खूप असतात आणि लेव्हल 40 च्या आसपास तो सोडून देणारेही तितकेच. कारण एकच. सुरुवातीला लांबून मारायला मजा येते, पुढे मॉन्स्टर लांबच मरण्याऐवजी जवळ पोहोचायला लागतात आणि दोन फटक्यांत आर्चर आडवा होतो. मग 'आर्चर कमकुवत क्लास आहे' असं म्हणून लोक नाइट किंवा असॅसिनकडे वळतात. माझं मत अगदी उलट आहे. जुन्या रॅग्नारोकमध्ये कमी पैशात, एकट्याच्या बळावर सर्वांत वेगाने वर जाणारा क्लास हाच. फक्त त्याचा हिशोब वेगळा आहे आणि तो कुणी समजावून सांगत नाही.

ग्रॅव्हिटी या कोरियन कंपनीने 2002 मध्ये हा गेम आणला. लेव्हल अप या कंपनीने तो भारतातही चालवला होता, त्यामुळे सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून प्रॉन्टेरा या गेममधल्या शहराच्या चौकात दुकान मांडून बसलेली पिढी आपल्याकडेही आहे. 2010 मध्ये रिन्यूअल नावाचा मोठा बदल आला आणि त्यात मूळ सूत्रंच बदलली. हा लेख त्याआधीच्या, म्हणजे प्री-रिन्यूअल नियमांसाठी आहे. जुन्या धाटणीचे सर्व्हर आजही याच नियमांवर चालतात. रिन्यूअल सर्व्हरवर खेळत असाल तर जागा आणि पवित्रा याबद्दलचं सगळं लागू पडेल, पण आकडे जुळणार नाहीत.

आधी हा हिशोब

आर्चरचा सगळा खेळ एका प्रश्नावर चालतो: मॉन्स्टर माझ्यापर्यंत पोहोचायच्या आत त्याला किती बाण लागतील?

याची उत्तरं आकड्यांत मिळतात. एएसपीडी, म्हणजे हल्ल्याचा वेग, 150 असेल तर सेकंदाला 1 फटका, 160 ला सव्वा, 175 ला 2, 180 ला अडीच. 190 ही कमाल मर्यादा, तिथे सेकंदाला 5. सूत्र सोपं आहे: 200 मधून एएसपीडी वजा करा आणि त्या आकड्याने 50 ला भागा.

आता धनुष्याची मूळ पल्ल्याची मर्यादा 5 घरं (मॅपवरचे चौकोन) आहे. व्हल्चर्स आय हे स्किल 10 पर्यंत नेलं की ती 15 होते. पायॉन गावाच्या गुहेतला झोंबी एक घर चालायला सुमारे 0.4 सेकंद घेतो. 5 घरांवरून मारायला सुरुवात केली तर तुमच्या शेजारच्या घरात यायला त्याला 1.6 सेकंद पुरतात. एएसपीडी 160 वर तेवढ्या वेळात 2 बाण. तोच झोंबी 15 घरांवर असताना पहिला बाण सोडला तर त्याला 5.6 सेकंद चालावं लागतं आणि तुमचे 7 बाण लागतात. धनुष्य तेच, लेव्हल तीच, बाणही तेच. 2 चे 7 झाले ते केवळ अंतरामुळे.

आणि जो मॉन्स्टर तुमच्याइतक्याच वेगाने, म्हणजे 0.15 सेकंदात एक घर चालतो, तो तीच 14 घरं 2.1 सेकंदांत कापतो. तिथे तुमच्या हाती जेमतेम दोन-अडीच बाण. म्हणून मॉन्स्टरची लेव्हल बघून मॅप निवडू नका, त्याची चाल बघून निवडा. आर्चरसाठी लेव्हल 30 चा मंद मॉन्स्टर लेव्हल 20 च्या चपळ मॉन्स्टरपेक्षा सोपा असतो.

यात एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. बाण लागला की बहुतेक मॉन्स्टर क्षणभर थबकतात, त्यांचं चालणं तुटतं. म्हणजे एएसपीडी वाढला की बाण तर वाढतातच, शिवाय समोरचा येतोही हळू. एएसपीडीचा खरा फायदा हा दुहेरी आहे आणि म्हणूनच पुढे ॲजिलिटीवर (ॲजि, वेग वाढवणारा स्टॅट) खर्च केलेला पॉइंट वाया जात नाही.

नॉव्हिस आणि पायॉन

कॅरेक्टर बनवताना जुन्या पद्धतीचा षटकोन असेल तर त्यात समोरासमोरच्या स्टॅटच्या, म्हणजे पात्राच्या गुणांच्या, जोड्या असतात, एक वाढवला की दुसरा घटतो. डेक्स (नेम) 9 केला की व्हिट (दणकटपणा) 1 होतो, ॲजि 9 केला की लक 1. हे दोन्ही डोळे मिटून करा. स्ट्रेंग्थ आणि इंट ही जोडी 5-5 वर ठेवली तरी चालते. थोडी स्ट्रेंग्थ बाण वाहून न्यायला उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

नॉव्हिसला, म्हणजे सुरुवातीच्या क्लासला, धनुष्य धरता येत नाही, त्यामुळे जॉब (क्लासची वेगळी लेव्हल) 10 पर्यंत सुरी घेऊनच चालावं लागतं. कंटाळवाणा भाग आहे, पण छोटा आहे. या काळात मिळालेले पॉइंट स्ट्रेंग्थमध्ये घालण्याचा मोह होतो, कारण फटका हलका लागतो. घालू नका. साध्या जुन्या सर्व्हरवर स्टॅट परत घेता येत नाहीत आणि तो मोह लेव्हल 99 पर्यंत सोबत राहतो. डेक्समध्ये टाका, निदान फटके चुकणार तरी नाहीत.

जॉब 10 झाला आणि बेसिक स्किल पूर्ण झालं की पायॉन गाठायचं. आर्चर गिल्ड तिथे आहे. परीक्षा म्हणजे आजूबाजूच्या जंगलातले विलो मारून वेगवेगळ्या प्रतीची खोडं गोळा करणं, चांगल्या प्रतीच्या खोडाला जास्त गुण. जाता जाता एक सांगतो. त्याच जंगलात वुल्फ असतात आणि ते एकमेकांच्या मदतीला धावतात. एकाला छेडलं की आसपासचे सगळे अंगावर येतात. नॉव्हिस असताना त्यांच्या वाटेला जाऊ नका, आर्चर झाल्यावरही काही दिवस नकोच.

स्टॅट: डेक्स दहाच्या पटीत

इतर क्लासना हत्याराची ताकद स्ट्रेंग्थमधून मिळते, धनुष्याला ती डेक्समधून मिळते. सूत्र असं: एकूण डेक्स, अधिक डेक्सच्या दहाने भागलेल्या पूर्णांकाचा वर्ग. त्यात स्ट्रेंग्थ आणि लक यांचा पाचवा हिस्सा मिळवतात, पण तो किरकोळ.

हे सूत्र कागदावर मांडून बघा. स्टेटस विंडोत डेक्ससमोर 60+19 दिसतंय, म्हणजे एकूण 79. त्यातून मिळणारी ताकद 79 अधिक 7 चा वर्ग 49, एकूण 128. आता 7 स्टॅट पॉइंट खर्चून डेक्स 61 करा. एकूण 80. ताकद 80 अधिक 64, म्हणजे 144. एका डेक्सने 16 वाढले. त्याआधी 70 ते 79 हा अख्खा प्रवास केला तेव्हा मिळून 9 च वाढले होते. 119 वरून 120 वर जाताना तर एका डेक्सला 24 मिळतात.

यावरून दोन गोष्टी ठरतात. एक, पॉइंट टाकताना नेहमी एकूण आकडा बघायचा. आउल्स आय या स्किलचे 10, जॉबचे बोनस, हातमोजे, सामानात बसवायची कार्ड, अकोलाइट या मदतनीस क्लासची ब्लेसिंग, सगळं धरून. दोन, एकूण आकडा 76 असेल आणि पुढचे चार डेक्स आत्ता परवडत नसतील तर तिथेच थांबून ॲजि वाढवा आणि चारांची सोय झाली की मग या. 79 वर अडकलेले आर्चर मी रोज बघतो. एक साधा डेक्सचा दागिना त्यांना पुढच्या टप्प्यावर नेऊन बसवेल, हे त्यांच्या लक्षातच आलेलं नसतं. झेरॉम कार्ड 3 डेक्स देतं, असल्या वेळी ते सोन्यासारखं वाटतं.

क्रमाबद्दल माझं म्हणणं असं: पहिल्या टप्प्यात जवळपास सगळे पॉइंट डेक्समध्ये, निदान मूळ डेक्स 40 होईपर्यंत. या काळात मार खायचाच नाही, लांबून संपवायचं. त्यानंतर ॲजि आणि डेक्स आलटून-पालटून. प्रत्येक दहाच्या टप्प्यानंतर एका पॉइंटची किंमत वाढत जाते. पहिल्या दहात 2 पॉइंट लागतात, नव्वदीनंतर 11. त्यामुळे एकाच स्टॅटला शेवटपर्यंत ताणत नेणं लेव्हल 60 च्या आत महाग पडतं.

पूर्ण हिशोब हवा असेल त्यांच्यासाठी: एक स्टॅट 1 वरून 99 ला न्यायला 628 पॉइंट लागतात आणि लेव्हल 99 पर्यंत सुरुवातीचे धरून 1273 मिळतात. म्हणजे डेक्स 99 आणि ॲजि 99 दोन्ही करून 17 पॉइंट उरतात. शेवटी दोन्ही पूर्ण होतातच, प्रश्न फक्त वाटेत आधी काय हवं याचा आहे.

व्हिटचं काय, असं नवखे विचारतात. एकट्याने लेव्हल वाढवताना व्हिटमध्ये घातलेला पॉइंट म्हणजे मॉन्स्टर जवळ येणारच हे आधीच मान्य करणं. ते मान्य करू नका.

स्किल कोणत्या क्रमाने

आर्चरची पाच मुख्य स्किलं आहेत आणि प्रत्येकाला 10 लेव्हल. एकूण 50 पॉइंट हवेत आणि जॉब 50 पर्यंत मिळतात 49. म्हणजे एक पॉइंट कुठेतरी सोडायचाच आहे. तो ॲरो शॉवरमधून सोडा.

बरेच जण सगळ्यात आधी डबल स्ट्रेफ घेतात, कारण त्याला काही पूर्वअट नाही. लेव्हल 10 ला दोन बाण मिळून 380 टक्के मार बसतो, त्यामुळे मोह समजण्यासारखा आहे. पण एका वेळी 12 एसपी (स्किल वापरायची शक्ती) लागतात आणि सुरुवातीच्या आर्चरकडे एसपी असतात किती? चार-पाच वेळा वापरलं की बसून राहायचं. म्हणून मी आधी आउल्स आय 3 घेतो, त्याने व्हल्चर्स आय उघडतं, मग व्हल्चर्स आय थेट 10 पर्यंत. अंतर आधी, जोर नंतर. वरचा 2 बाण आणि 7 बाणांचा हिशोब आठवा. व्हल्चर्स आय दर लेव्हलला पल्ल्याबरोबर हिटही वाढवतं, त्यामुळे बाण चुकण्याचं प्रमाण कमी होतं.

त्यानंतर डबल स्ट्रेफ 10. मग आउल्स आय पूर्ण. मग इम्प्रूव्ह कॉन्सन्ट्रेशन, जे लेव्हल 10 ला ॲजि आणि डेक्स 12 टक्क्यांनी वाढवतं, 4 मिनिटं टिकतं आणि 70 एसपी घेतं. ते चालू करताना आजूबाजूला लपून बसलेले मॉन्स्टर किंवा खेळाडूही उघडे पडतात, हा फायदा पुष्कळांना ठाऊक नसतो. आणि हो, डेक्सचा दहाचा टप्पा मोजताना हे स्किल चालू करून मोजा, कारण लढताना ते चालूच असणार आहे.

ॲरो शॉवर सगळ्यात शेवटी. त्याचा मार फार नाही, लेव्हल 10 ला सव्वापट. पण ते समोरच्यांना दोन घरं मागे ढकलतं. म्हणजे हे मारायचं स्किल नाही, वेळ विकत घ्यायचं स्किल आहे. तीन मॉन्स्टर एका रेषेत येत असतील तर एक ॲरो शॉवर आणि मग पुन्हा एकेक बाण.

याखेरीज दोन स्किलं क्वेस्ट करून मिळतात: बाण तयार करण्याचं ॲरो क्राफ्टिंग, आणि ॲरो रिपेल, जे एकाच शत्रूला 6 घरं लांब फेकतं. दोन्ही करून घ्या, आळस करू नका. ॲरो रिपेलची 6 घरं म्हणजे मंद मॉन्स्टरसमोर जवळपास अडीच सेकंद.

बाण

जो आर्चर एकाच प्रकारचे बाण घेऊन फिरतो तो अर्ध्या ताकदीने खेळतो. रॅग्नारोकमधल्या प्रत्येक मॉन्स्टरला एक तत्त्व असतं: पृथ्वी, जल, अग्नी, वायू, विष, पवित्र, छाया, भूत, मृत किंवा काहीच नाही. इतर क्लासना हत्याराचं तत्त्व बदलायला वेगळी तलवार घ्यावी लागते किंवा सेज क्लासच्या खेळाडूला हाका माराव्या लागतात. आर्चर कीबोर्डवर एक बटण दाबतो आणि काम होतं.

पृथ्वीच्या मॉन्स्टरवर फायर ॲरो दीडपट मार देतो. म्हणजे 300 चे 450. हीच वाढ धनुष्य रिफाइन करून (म्हणजे आणखी बळकट करून) मिळवायला गेलात तर किती धनुष्यं मोडतील त्याचा अंदाज करा. जलावर विंड ॲरो, अग्नीवर क्रिस्टल ॲरो, वायूवर स्टोन ॲरो. मृत आणि छायेच्या मॉन्स्टरवर सिल्व्हर ॲरो, तो पवित्र तत्त्वाचा असतो. मृतांवर फायर ॲरोही चांगला चालतो. भूत तत्त्वाच्या व्हिस्परसारख्यांवर साधा बाण अगदीच किरकोळ मार देतो, तिथे तत्त्वाचा बाण नसेल तर सरळ निघून जा.

स्टील ॲरो आणि ओरिडेकॉन ॲरो यांची ताकद 40 आणि 50 आहे, फायर किंवा सिल्व्हर ॲरोची 30. आकडा बघून लोक महागडे ओरिडेकॉन बाण घेतात आणि पृथ्वीच्या मॉन्स्टरवर उडवतात. 20 ची वाढ दीडपटीपुढे काहीच नाही. ते बाण तत्त्व नसलेल्या मॉन्स्टरसाठी राखून ठेवा.

एका वेळी तीन प्रकार जवळ ठेवा आणि ते एफ-कीच्या पट्टीवर लावा. माझी पट्टी अशी असते: पहिल्या दोन कीवर डबल स्ट्रेफ आणि ॲरो शॉवर, पुढच्या तीनवर बाण, मग औषध, आणि शेवटच्या कीवर फ्लाय विंग, जे मॅपवर दुसरीकडे उडवून नेतं. फ्लाय विंग अशा जागी हवा की घाबरलेल्या बोटाला शोधावा लागणार नाही.

वजनाकडे लक्ष द्या. 1000 बाणांचं वजन 100 होतं. एकूण क्षमतेच्या 50 टक्क्यांच्या वर गेलात की एचपी (जीव) आणि एसपी आपोआप भरणं थांबतं, 90 टक्क्यांवर तर हल्लाही करता येत नाही. स्ट्रेंग्थ कमी असलेल्या आर्चरला ही 50 टक्क्यांची रेघ फार लवकर लागते. बाण थोडे कमी पडले तरी चालतील, पण बसल्यावर एसपी भरलेच पाहिजेत.

कुठे शिकार करायची

पहिल्या लेव्हलांसाठी एका जागी रुतलेल्या वनस्पती सर्वांत उत्तम. मँड्रागोराचा पल्ला 4 घरांचा आहे आणि तुमचा, व्हल्चर्स आयशिवायही, 5 घरांचा. पाचव्या घरावर उभे राहा. ती हलू शकत नाही, तिचा फटका पोहोचत नाही आणि ती पृथ्वी तत्त्वाची असल्यामुळे फायर ॲरोने पटापट मरते. फ्लोराचा पल्ला तर 3 च घरांचा. जिओग्राफरही याच जातीचा, पण तो शेजारच्यांचे एचपी भरून काढतो आणि त्याचा जीवही दांडगा, तेव्हा तो पुढच्या टप्प्यासाठी.

मग पायॉनची गुहा. झोंबी, स्केलेटन, फॅमिलियर. झोंबीचा हिशोब वर केलाच आहे. इथे फॅमिलियर त्रास देतात, ते चपळ असतात आणि झोंबीकडे लक्ष असताना पाठीमागून चावतात. नियम असा ठेवा की चपळ आधी, मंद नंतर. झोंबी अजून आठ घरं लांब असेल तर त्याला येऊ द्या, आधी फॅमिलियर पाडा.

इझलूडजवळच्या बायलनच्या गुहेत हायड्रा आहेत. जलाच्या, एका जागी रुतलेल्या, पल्ला 7 घरांचा. व्हल्चर्स आय 10 असेल तर तुम्ही 15 वर उभे राहून विंड ॲरो सोडता आणि त्या फक्त वळवळतात. इथे गर्दी असते, कारण हायड्रा कार्डला बाजारात चांगला भाव आहे. कुणी मारत असलेल्या हायड्रावर बाण टाकू नका. आर्चरचा बाण पडद्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो, त्यामुळे नकळत दुसऱ्याची शिकार चोरणं आपल्याकडून सर्वांत जास्त घडतं. आधी बघा, मग सोडा.

सोग्रॅटच्या वाळवंटात होड आहेत, पृथ्वीचे, फायर ॲरोसाठी. पुढे ऑर्क डंजनमध्ये ऑर्क झोंबी आणि ऑर्क स्केलेटन. तिथला झेनॉर्क मात्र छाया तत्त्वाचा आणि चपळ, तो दिसला की सिल्व्हर ॲरोवर या.

मॅप आपल्याला योग्य आहे की नाही हे ओळखायची माझी खूण सांगतो. मॉन्स्टर मरताना तुमच्यापासून किती घरं लांब पडतो ते बघा. दहा-बारा घरांवरच मरत असेल तर मॅप तुमच्यासाठी हलका झाला, पुढे सरका. शिवाय दर वेळी तेवढं चालत जाऊन माल उचलण्यात वेळ जातो आणि मध्ये एखादा पोरिंग तो गिळूनही टाकतो. तो अंगाला भिडत असेल तर मॅप जड आहे. दोन-तीन घरांवर मरत असेल तर तुम्ही अगदी बरोबर ठिकाणी आहात.

लढताना

सर्वप्रथम चॅटमध्ये स्लॅश एनसी (/nc) टाइप करा. एका क्लिकवर सतत हल्ला सुरू राहतो, कंट्रोल दाबून धरावं लागत नाही.

उभं राहण्याची जागा निवडताना पाठीमागे रिकामी, तुम्ही आधीच साफ केलेली वाट असू द्या. मागे सरकायचं ते त्याच वाटेने. न बघितलेल्या दिशेला पळणारा आर्चर एका मॉन्स्टरपासून सुटतो आणि चारांच्या तोंडात जातो. माझ्या पाहण्यात आर्चरचे बहुतेक मृत्यू लढताना होत नाहीत, असे पळताना होतात. आणि प्रत्येक मृत्यूला अनुभवाचा एक टक्का जातो, जो लेव्हल 80 नंतर तासांच्या हिशोबात मोजावा लागतो.

पाणी आणि कडे यांच्या पलीकडे बाण जातो, भिंतीपलीकडे जात नाही. म्हणून नदीचा काठ किंवा दरीचा कोपरा दिसला की मॅप उघडून बघा, पलीकडच्या मॉन्स्टरला तुमच्यापर्यंत यायला केवढा वळसा आहे. दहा घरांवर दिसणारा मॉन्स्टर चालून तीस घरं येत असेल तर ती जागा सोडू नका.

मंद मॉन्स्टरसमोर मारायचं, चार घरं मागे सरकायचं, पुन्हा मारायचं, हे अखंड चालू ठेवता येतं. तुमच्याइतक्या वेगाच्या मॉन्स्टरसमोर हे जमत नाही, कारण बाण सोडायला थांबलात की अंतर तुटतं. अकोलाइटने इन्क्रीज ॲजिलिटी दिली असेल तर जमतं. नाहीतर तिथे सरळ उभं राहून डबल स्ट्रेफ. एसपी याच क्षणासाठी राखायचे असतात, लांबच्या मॉन्स्टरवर उधळायचे नसतात.

दोघांपेक्षा जास्त मॉन्स्टर अंगावर आले की तिसऱ्यापासून दर मॉन्स्टरमागे तुमचा फ्ली (फटका चुकवण्याची क्षमता) 10 टक्क्यांनी घटतो. फ्ली 110 असेल तर तिसरा येताच तो 99 होतो आणि प्रत्येक फटका लागण्याची शक्यता 11 टक्क्यांनी वाढते. चौथ्याला आणखी. म्हणून तिसरा भिडण्याआधी ॲरो शॉवर, आणि तोही चुकला तर फ्लाय विंग. या बाबतीत अभिमान बाळगू नका.

भारतातून परदेशी सर्व्हरवर खेळणाऱ्यांनी पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) लक्षात घ्यावी. ती 200 मिलिसेकंदांच्या वर असेल तर चपळ मॉन्स्टर पडद्यावर दिसतो त्यापेक्षा प्रत्यक्षात एखाद-दोन घरं जवळ असतो. मागे सरकण्याचा निर्णय तेवढा आधी घ्या. तलवारवाल्याला याने फारसा फरक पडत नाही, आर्चरला पडतो.

सामान

धनुष्यावर सुरुवातीला उधळपट्टी नको. चार स्लॉटचं (कार्ड बसवायच्या जागांचं) कॉम्पोझिट बो मिळालं तर ते खूप पुढेपर्यंत साथ देतं. ते वेपन लेव्हल 1 चं हत्यार असल्यामुळे +7 पर्यंत न मोडता रिफाइन होतं. मोठ्या आकाराच्या मॉन्स्टरवर धनुष्याचा मार 75 टक्केच बसतो, लहान आणि मध्यम आकारावर पूर्ण. महाकाय मॉन्स्टर सोपे वाटत नाहीत त्यामागे हेही कारण असतं.

कार्ड लावताना एकाच प्रकारची चार लावू नका. एकाच प्रकारचे टक्के एकमेकांत मिळवले जातात, वेगळ्या प्रकारांचे गुणले जातात. माणसांसमोर, म्हणजे खेळाडूंसमोर, हायड्रा कार्ड 20 टक्के देतं आणि मध्यम आकारासाठीचं स्केलेटन वर्कर कार्ड 15 टक्के. चार हायड्रा लावली तर 1.8 पट. तीन हायड्रा आणि एक स्केलेटन वर्कर लावलं तर 1.6 गुणिले 1.15, म्हणजे 1.84 पट. कार्ड स्वस्त, परिणाम जास्त.

पार्टीत

पुढे उभा असलेला नाइट किंवा क्रुसेडर ज्याला मारतोय त्यालाच मारा. नवा मॉन्स्टर तुम्ही छेडलात तर तो तुमच्यामागे लागतो आणि प्रीस्टला नाइटला सोडून तुम्हाला सांभाळावं लागतं. विझार्ड सोबत असेल तर ॲरो शॉवर आणि ॲरो रिपेल विसरून जा. त्याने फायर वॉलसमोर किंवा स्टॉर्म गस्टच्या खाली गोळा केलेला घोळका तुम्ही ढकलून पांगवलात तर त्याची सगळी मेहनत फुकट. दुसऱ्या बाजूला, विझार्डचा कास्ट अर्धवट असताना एखादा मॉन्स्टर त्याच्याकडे धावला, तर त्याला 6 घरं लांब फेकणारे तुम्हीच. पार्टीत आर्चरची खरी किंमत अशा वेळी कळते.

अकोलाइटकडून ब्लेसिंग मागून घ्या. लेव्हल 10 ची ब्लेसिंग 10 डेक्स देते, म्हणजे डेक्सचा एक पूर्ण टप्पा. शत्रूपक्षाच्या अकोलाइटचं न्यूमा मात्र आर्चरचं तोंडच बंद करतं. त्या चौकोनात उभ्या असलेल्याला लांबून मारलेला एकही बाण लागत नाही. वॉर ऑफ एम्पेरियम या गिल्डांच्या लढाईत त्यावर बाण वाया घालवत बसू नका, न्यूमाबाहेर कोण उभा आहे ते शोधा.

जॉब 40 की 50

जॉब 40 ला पुढचा क्लास घेता येतो आणि बहुतेक जण घाईने घेतात. जॉब 40 ला हातात 39 पॉइंट असतात, म्हणजे जॉब 50 पर्यंतचे उरलेले 10 पॉइंट कायमचे गेले. हंटर झाल्यावर ते परत मिळत नाहीत. मी जॉब 50 पर्यंत थांबण्याच्या बाजूचा आहे. शेवटचे दहा जॉब कंटाळवाणे असतात, ऑर्क डंजनमध्ये ते त्यातल्या त्यात लवकर सरतात.

हंटरकडे ससाणा आणि सापळे येतात. ससाण्याचा आपोआप होणारा हल्ला लकवर अवलंबून असतो, साधारण दर 3 लकला एक टक्का शक्यता. तो शत्रूचा बचाव आणि फ्ली दोन्ही जुमानत नाही. सापळ्यांपैकी अँकल स्नेअर आधी पूर्ण करा, बाकीचे नंतर. चपळ मॉन्स्टर हीच आर्चरची अडचण होती, आणि पायाशी टाकलेला अँकल स्नेअर त्याला काही सेकंद जागच्या जागी बांधून ठेवतो. सापळा ठेवायचा, त्याच्या पलीकडून मॉन्स्टरला एक बाण मारायचा, तो धावत येऊन अडकला की 10 घरं मागे जाऊन उरलेले बाण. बार्ड आणि डान्सर हे रस्ते पार्टीत रमणाऱ्यांसाठी आहेत. नेहमीची चार माणसं सोबत खेळणारी असतील तरच ते घ्या, एकट्याने खेळायचं असेल तर हंटर.

हंटर झाल्यावर पहिल्याच दिवशी नव्या मॅपवर धाव घेऊ नका. ज्या मॅपवर आर्चर म्हणून खेळत होता तिथेच सापळा ठेवण्याचा सराव करा, कारण सापळा मॉन्स्टरच्या वाटेवर बरोबर पडायला हाताला थोडा वेळ लागतो, आणि सापळ्यांना झेनी (गेममधले पैसे) मोजावे लागतात.